भीमराज गाडेचे दोन हात

१९८५ च्या दसऱ्यापर्यंत भीमराज गाडेच्या हातांबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. उलट त्या हातांवरच मुलुंडच्या जयंतीभाईंची फाउंड्री अर्धी चालत होती.

घाटकोपरच्या डोंगरावर राहणारा हा माणूस. आईबाप जालन्याकडून आलेले. फाउंड्रीत लागला तेव्हा फावडं मारायचा. साच्यांची वाळू चाळणीपाशी नेऊन टाकायची, जळलेली वाळू मागच्या मोकळ्या जागेत ओतायची, हे बारा जणांचं काम होतं. मग जयंतीभाईंनी गोदीतल्या लिलावातून एक जुना परदेशी लोडर आणला आणि बारा जणांचं काम एकट्याचं झालं. भीमराज त्याच्यावर बसला, कारण बाकी कुणी बसायला तयार होईना. त्या लोडरला स्टिअरिंगच नव्हतं. नुसते दोन लिव्हर. डावा लिव्हर डाव्या बाजूच्या दोन चाकांचा, उजवा उजव्या बाजूच्या. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, दोन्ही ओढले की मागे, एक पुढे आणि एक मागे केला की यंत्र जागच्या जागी गरकन फिरायचं. सोडून दिले की उभं. भीमराजला ते चार दिवसांत जमलं. सहा वर्षं तो ते चालवत होता आणि एकाही खांबाला त्याने ओरखडा पाडला नव्हता.

दसऱ्याला वर्क्स इंजिनिअर विद्याधर देवस्थळींच्या मनात आलं, की लोडरला रंग द्यावा. साहेबांचं काम नेहमीच मुळापासून असायचं. सीट निघाली, लिव्हर निघाले, लिव्हरपासून खाली चाकं फिरवणाऱ्या पंपांपर्यंत जाणाऱ्या लोखंडी दांड्यासुद्धा निघाल्या. सगळ्याला पिवळाजर्द रंग बसला, पुन्हा जोडणी झाली, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. लोडर नव्या नवरदेवासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराजने दोन्ही लिव्हर सारखेच पुढे ढकलले आणि लोडर डावीकडे निघाला.

दुपारपर्यंत भीमराजने मनातल्या मनात हिशेब बसवला आणि उजवा लिव्हर जरा कमी ढकलून वाळू वाहिली. संध्याकाळी त्याने साहेबांना सांगितलं, "साहेब, लोडर डावीकडे ओढतोय."

"टायरमध्ये हवा कमी असेल," साहेब म्हणाले.

हवा भरली. लोडर डावीकडेच. ऑइल बदललं. नव्या ऑइलवर तो जास्त गुळगुळीतपणे डावीकडे जाऊ लागला. मग साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना कारण सापडलं.

"भीमराज, तुझा उजवा हात डाव्यापेक्षा ताकदवान आहे. तू नकळत उजवा लिव्हर जास्त ढकलतोस. उजवी चाकं जास्त फिरतात, म्हणून गाडी डावीकडे. साधं शास्त्र आहे."

"सहा वर्षं नाही ढकलला तो?"

"वयाने होतं असं," साहेब म्हणाले. भीमराज तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

शास्त्र सिद्ध करायला स्टोअरमधून ताणकाटा आणला गेला. सगळ्या खात्यासमोर भीमराजने आधी उजव्या हाताने तो ओढला, मग डाव्या. डावा हात दोन किलोने भारी भरला. भीमराज जन्मापासून डावखुरा होता, ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. साहेब मात्र गडबडले नाहीत. "बघ," ते म्हणाले, "डावा हात जास्त जोराचा आहे हे तुझ्या मनाला ठाऊक आहे. म्हणून तू त्याला सारखा आवरून धरतोस."

दुसऱ्या दिवशी भीमराजला इंग्रजीत टाइप केलेला मेमो मिळाला. ऑपरेटरच्या हातांत असमतोल असून त्यामुळे यंत्राचं नुकसान होत आहे, त्याने एका महिन्यात सुधारणा करावी, असं त्यात होतं. घरी त्याच्या बायकोने, शकुने, शेजारच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून तो वाचून घेतला.

"अहो, बिघाड हातात आहे का त्यांच्या डोक्यात?" ती म्हणाली. "त्या हातांनी तुम्ही माझी शिवणाची मशीन दुरुस्त केली, तेव्हा नव्हता असमतोल."

भीमराज हसला नाही. त्याला ते लागलं होतं. फावडं मारणाऱ्याचा लोडरवाला झाला, त्यात त्याने हातांखेरीज काही घातलं नव्हतं, आणि आता कागदावर नेमके हातच खोटे ठरले होते. आठवडाभर तो लोडर चालवताना रस्त्याकडे कमी आणि आपल्या मनगटांकडे जास्त बघत होता. एकदा तर खरंच खांब थोडक्यात वाचला.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, लोडरची पुढची वाळूची बकेट जमिनीला टेकवून, इंजिन चालू ठेवून तो पाणी प्यायला उतरला. हे करायचं नसतं, त्यालाही माहीत होतं. परत येऊन बघतो तर लोडर आपला आपण, अगदी सावकाश, डावीकडे तोंड फिरवत होता. उजवी चाकं मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. डावी गप्प उभी. धावत जाऊन इंजिन बंद करेपर्यंत बकेटने पाण्याच्या माठाची तिवई आडवी केली होती.

साहेबांनी मेमोत एक कलम वाढवलं, निष्काळजीपणाचं. भीमराज मात्र त्या फुटक्या माठाशेजारी हरखून उभा होता. लिव्हरवर तेव्हा कुणाचेच हात नव्हते, ना उजवा ना डावा.

जेवणानंतर त्याने लोडर मागच्या मोकळ्या जागेत नेला आणि सरळ रिव्हर्स घेतला. आजवर वळणं सांभाळण्याच्या नादात त्याने हे नीट बघितलंच नव्हतं. डावी बाजू कमजोर असती, तर मागे जाताना डावी चाकं कमी फिरून तोंड उजवीकडे जायला हवं होतं. हात जड असता तरी तेच. पण पुढे जाताना तोंड डावीकडे, मागे येतानाही डावीकडे. बकेट भरलेली असो की रिकामी, ओढ तेवढीच. म्हणजे उजवी बाजू कायम थोडी 'पुढे' लागलेलीच होती. लिव्हर मधोमध असला तरी खाली पंपाला ते कळत नव्हतं.

"साहेब, हा न्यूट्रलला न्यूट्रल नाही," त्याने जाऊन सांगितलं. "उजव्या दांडीत काहीतरी..."

"भीमराज, तू चालव. बिघाडाचं निदान मी करतो. सोमवारी कांदिवलीहून तज्ज्ञ येतायत. गोदीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. जयंतीभाईंनी स्वतः बोलावलंय."

गुरुवारी साहेब आणि जयंतीभाई दोघंही एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. भीमराजने फिटर तुळशीदासला गाठलं. तुळशीदास भांडुपचा कोळी. बापाच्या होडीचं इंजिन खोलून खोलून फिटर झालेला.

"तुळशा, चारही चाकं उचलायची. लाकडी ठोकळ्यांवर."

"साहेब बोंबलंल."

"साहेब संध्याकाळी बोंबलेल. तू आत्ता उचल."

चाकं अधांतरी झाली, लोडर ठोकळ्यांवर पक्का बसला. भीमराजने इंजिन सुरू केलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, कुणी पुढे शंका काढायला नको म्हणून. डावी चाकं स्थिर. उजवी हळूहळू फिरत होती.

इंजिन बंद करून तुळशीदासने सीटखाली मान घातली. बोटाने उजव्या दांडीवरचा नट चाचपला.

"भीमा, ह्या दांड्या मीच बसवल्या रे दसऱ्याला," तो म्हणाला. "आट्यांत रंग सुकला होता. नट घट्ट लागला, मला वाटलं पुरता बसला. दोन आटे राहिलेत."

आटे तारेच्या ब्रशने साफ झाले. एक पिन झिजली होती, ती बदलली. इंजिन पुन्हा सुरू झालं. दांडी एक आटा आत घेतली, चाकं मंदावली. आणखी एक घेतला, थांबली. भीमराजने खात्री करायला थोडं पुढे फिरवलं, तर चाकं उलटी फिरू लागली. किंचित मागे आणलं, पुन्हा थांबली. दांडी जागची हलू नये म्हणून वरून चेकनट आवळला. सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्या दिवशी भीमराजने वाळूच्या अकरा खेपा नाकासमोर केल्या.

संध्याकाळी साहेब आले, सगळं बघितलं, ऐकलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं.

"काम चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण सोमवारी तज्ज्ञ येणार. त्यांना दाखवायचं काय?"

"चालणारा लोडर."

"तसं कसं? जयंतीभाई म्हणतील, मग बोलावलं कशाला?" साहेबांनी आवाज खाली आणला. "एवढे दोन आटे पुन्हा सैल कर. फक्त सोमवारपुरते."

भीमराजने त्यांच्याकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखर विनंती होती. शनिवारी त्याने स्वतःच्या हातांनी, त्याच असमतोल हातांनी, लोडर मोजून दोन आटे बिघडवला. तुळशीदास शेजारी उभा राहून तोंडात गमछा कोंबून हसत होता. भीमराजला हसू येत नव्हतं.

सोमवारी शिवदास परुळेकर आले. साठी उलटलेले, धोतर आणि काळे बूट. विद्याधर साहेबांनी टायर, ऑइल, ताणकाटा असं सगळं रीतसर सांगितलं. परुळेकर चहा पीत ऐकत होते. कप ठेवून ते उठले आणि थेट भीमराजपाशी गेले.

"मागे घेतलस की खंय वळता रे ह्या?"

दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काही विचारलं होतं.

"मागे पण डावीकडेच."

परुळेकरांनी मान हलवली. "म्हणजे तुका म्हायत आसा. मग दुरुस्त कित्याक नाय केलस?"

भीमराजने साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. जयंतीभाई दोघांकडे.

"केला होता," भीमराज म्हणाला. "गुरुवारी. शनिवारी परत बिघडवला."

मग परुळेकर मोठ्याने, पोट धरून हसले, आणि जयंतीभाईंना हसावं की रागवावं ते ठरवायलाच वेळ लागला. "विद्याधरभाई, आ शुं छे?" एवढंच ते म्हणाले.

मेमो मागे घेतला गेला, पण साहेबांच्या पद्धतीने. ऑपरेटरच्या हातांतला असमतोल पूर्णपणे दूर झाल्याचं नवं पत्र भीमराजला मिळालं. शकु म्हणाली, निदान हात बरे तरी झाले.

परुळेकर जाताना पत्ता देऊन गेले होते. एका रविवारी भीमराज कांदिवलीला गेला, मग दर रविवारी जाऊ लागला. म्हाताऱ्याकडे कुणाकुणाचे बंद पडलेले लोडर बघायला निरोप येत, आणि म्हाताऱ्याला आता खाली वाकवत नव्हतं. पंप, मोटर, दाब, गळती, सगळं भीमराज तिथे शिकला. दोन वर्षांनी जयंतीभाईंनी त्याला मेन्टेनन्स फिटर केलं, वेगळा गणवेश दिला.

त्यात एकच अडचण निघाली. फाउंड्रीच्या नियमाप्रमाणे फिटरने यंत्र चालवायचं नसतं. लोडरवर कुंडलिक नावाचा नवा ड्रायव्हर आला. दुरुस्ती झाली की भीमराज त्याला सीटवर बसवायचा आणि स्वतः वाळूच्या ढिगापाशी उभा राहून, लोडर दिसेनासा होईपर्यंत, चारही चाकांकडे बघत राहायचा.