तंबाखूच्या हातची भाकरी

भाकरी माझ्या छातीवर येऊन आदळली. गरम व्हती. तव्यावरनं नुकतीच उतरलेली. छातीवरनं मांडीवर पडली आणि मांडीवरनं चुलीपुढच्या राखंत.

"काय थापलंयस हे? इख?"

नवरा सैपाकघराच्या दारात उभा व्हता. त्यानंच फेकली व्हती. त्याच्या मागं सोप्यात पंगत बसलेली. माझा धाकटा दीर, त्याच्या सभेतली माणसं, आणि मधल्या पाटावर बेळगावचा एक वकील. टिळकवाडीत ऱ्हायाचा. निपाणीत त्याचं भाषाण व्हतं, आणि भाषाण झाल्यावर जेवण आमच्यात.

पयला घास त्या वकिलानंच घेतला व्हता. तोंड वाकडं केलं आणि घास ताटाच्या कडंला काढून ठेवला. "कडू लागतेय हो जरा," म्हणला. हळूच म्हणला. सभ्य माणूस. मग दिरानं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थू करून थुकला.

"वैनीच्या हाताला तंबाखू असती," दीर पाव्हण्यास्नी सांगाय लागला. "किती येळा सांगितलं, हात धूत जा. आधी बायकास्नी सोच्छता शिकवाय पायजे, मगच स्वराज्य."

सगळी हसली. मी चुलीपुढं बसून ऐकलं.

हात धुतलं न्हवतं व्हय मी? राखंनं घासलं. चिंच चोळली. मातीनं खरवडलं. दिसभर वखारीत तंबाखू चाळायची. तिचा बारीक भुगा, खकाणा, नाकात, डोळ्यात, केसात. नखाच्या खाली, कातड्याच्या आत. कामाला लागल्यापास्नं माझी लाळसुदिक कडू व्हती. पाण्यानं जाणारा कडूपणा न्हवताच त्यो.

आणि नवरा? त्योबी त्याच वखारीत. तंबाखूची पोती पाठीवर घ्यायचा. सांजच्याला आम्ही दोघं एकाच रस्त्यानं घरी यायचो. त्यो पुढं, मी मागं. दार आलं की त्यो जोत्यावर बसायचा, पाय पसरायचा. मी पदर खोचून चुलीत शेणी घालायची. त्याचा दिस दारात संपायचा. माझा तिथनं पुन्ना सुरू व्हायचा.

बाप्यांनी आधी जेवायचं. मग सासूनं. आम्ही सासूला आत्ती म्हणायचो. मग मी. उरंल ते. न्हाय उरलं तर तांब्याभर पाणी. मी तवा पोटुशी व्हते. पोट दिसाय लागलं व्हतं. चुलीपुढं वाकताना मांडीला लागायचं. पोटात जीव हाय म्हणून कुणी एक भाकरी आधी काढून ठिवली न्हाय.

त्या दिवशी पाव्हणं लई. टोपली रिकामी. पीठ संपलेलं. आत्तीनं राखंतल्या भाकरीकडं बघितलं आणि मला म्हणली, "उचल गं. झाड ती. तुझ्यापुरती हुईल."

रागानं न्हवती म्हणली. मायेनं म्हणली व्हती. त्येच मला लागलं. नवऱ्यानं फेकलेलं लागलं न्हवतं एवढं. माझ्या छातीवर मारून फेकलेली, राखंत पडलेली, ती माझा वाटा. आणि त्यो मी मुकाट खाईन, ह्याची घरात कुणालाच शंका न्हाय. मलाबी न्हवती. माझा हात पुढं गेला व्हता. सांगते की, हात गेला व्हता.

भाकरी उचलली. झाडली. आणि ती हातात घेऊन उठून सोप्यात गेले.

पंगतीच्या कडंला, नवऱ्याच्या पाटाशेजारी भुईवरच बसले. पाव्हण्यांच्या समोर. आमच्यात कवा बाई बसली न्हवती तशी.

"हे काय? आत जा," दीर म्हणला.

मी नवऱ्याकडं बघितलं. "तुमचं हात दावा."

"काय?"

"हात दावा. तुमीबी त्याच वखारीतनं आलायसा. तुमचं हात कडू न्हाईत?"

"मी काय भाकरी थापतोय व्हय?"

"न्हाय. त्येच म्हणते मी."

कानाखाली बसली. एवढ्या जोरात, की पलीकडची भिंत हलल्यागत दिसली.

मी वकिलाकडं बघितलं. त्याचं भाषाण मी वखारीच्या दारातनं ऐकलं व्हतं. गुलामाला गुलामी कळली की त्यो उठतोय, असं कायबाय बोलला व्हता. आवाज खणखणीत. आता त्यो ताटातली आमटी बघत व्हता. मग त्यानं हात धुतलं, टोपी नीट केली आणि म्हणला, "घरातला मामला आहे. आपण निघूया."

निघाला. त्याच्या मागनं सगळी निघाली. इंग्रजाच्या लाठीला न भिणारी माणसं. एकानंबी मान वर केली न्हाय.

दुसऱ्या दिवशी वखारीतनं आले आणि जोत्यावर बसले. नवऱ्याच्या शेजारी. त्यानं बघितलं. "च्या टाक," म्हणला. मी उठले न्हाय. "ऐकू आलं न्हाय?" म्हणला. "आलं," म्हणले. बसूनच म्हणले.

आतनं काटवटीचा आवाज याय लागला. आत्ती पीठ मळत व्हती.

मला वाटलं, जिंकले. काय जिंकले? धुरानं आत्तीचं डोळं गेल्यातच जमा. चाचपडत चूल पेटवायची, चाचपडत तवा ठेवायची. मी रोज जोत्यावर बसायची, ती रोज राबायची, बाप्यं रोज येळंवर जेवायची. त्यांचं कायसुदिक अडलं न्हाय. एक दिवस ती वरडली म्हणून आत गेले. तवा समजून पंजाच्या पंजा इस्तवावर ठिवलेला. आणि सोप्यातनं दीर इचारतोय, "आत्ता आणि किती उशीर?"

तवा मला दिसलं. मी चूल सोडली, पर चूल काय बाप्याकडं गेली न्हाय. म्हातारीकडं गेली. एक बाई उठली की दुसरी बाई तिथं बसती, आणि ताट भरत ऱ्हातंय. त्यास्नी कोण थापतंय ह्याच्याशी कर्तव्यच न्हवतं. मला माझीच लाज वाटली आणि त्या लाजंपरास राग लई मोठा आला.

तिच्या हाताला खोबरेल लावलं. म्हणले, "आत्ती, उठा. भाईर चला."

"अगं, पोरं उपाशी ऱ्हातील माझी."

"ऱ्हाऊ द्या."

"लोक शेण घालतील तोंडात."

"आत्ती, पयली, गरम भाकरी तुमी कवा खाल्लीसा?"

तिनं भाजलेला हात पदरात घेतला. मग म्हणली, "आईच्या घरात. लगीन व्हायच्या आधी."

तिनं उलथनं खाली ठिवलं. मी चुलीत पाणी वतलं. दोघी भाईर येऊन जोत्यावर बसलो आणि मी पदरात चिरमुरं आणि शेंगा घेतल्या व्हत्या, त्या खाल्ल्या. गल्लीतल्या बायका दारातनं बघाय लागल्या.

दीर खानावळीत गेला. जाताना आईला म्हणला, "तू तरी शानी असशील वाटलं व्हतं." नवरा लई बोलला. माझ्या बाबाचा उद्धार केला. "माहेरला हाकलून देतो," म्हणला.

"हाकला," म्हणले मी. "मी गेले तरी चूल हितंच ऱ्हाणार हाय. ती काय माझ्या संगं येत न्हाय."

त्या दिवशी त्यो उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी पोती वाहून आला आणि जोत्यावर बसायच्या ऐवजी सरळ आत गेला. चुलीतनं धूर निघाला. खोकला ऐकू आला. शिव्या ऐकू आल्या. पीठ पातळ झालं, मग घट झालं. लई येळानं त्यानं भाईर येऊन टोपली जोत्यावर आदळली. भाकऱ्या व्हत्या. चिरलेल्या, एका अंगानं कच्च्या, एका अंगानं करपलेल्या.

तिघं एकाच येळंला जेवलो. माय-लेक आणि मी. पयल्या घासाला त्यानं तोंड थांबवलं. मीबी चावत व्हते. कडू व्हती भाकरी. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय आणि मी त्याच्यावरची नजर काढली न्हाय. पुरी भाकरी खाईस्तवर काढली न्हाय.

हे ऐकून कुणी म्हणंल, बघा, नवरा सुधारला. न्हाय. माया आली म्हणून उठला न्हवता त्यो. पोट रिकामं ऱ्हायलं म्हणून उठला. पुढं मी भाकरी थापायची, त्यानं इस्तू बघायचा, पाणी आणायचं, भांडी घासायची, असं चालू झालं. वखारीत गडी त्याला बायल्या म्हणायची. त्यो राग घरी आणायचा. एकदा हात उचलला. मी काटवट उचलली. हात खाली गेला. त्याच्या मनात काय बदललं मला ठाऊक न्हाय, आणि मी ते इचारत बसले न्हाय. काम व्हायला पायजे व्हतं. ते व्हत व्हतं.

मला पोरगी झाली.

इंग्रज गेला त्या साली दिराचं लगीन झालं. पोरगी येळ्ळूरची. शेतकऱ्याची. अंगानं काटकुळी, डोळं भिलेलं. लगीन झाल्यावर घरात पयली पंगत बसली. सोप्यात बाप्यं. मधल्या पाटावर त्योच वकील, आता हार घातलेला. देशाबद्दल बोलत व्हता. आत्ती पाटावर आधीच बसली व्हती. तिला आता कुणी उठवायचं धाडस करत न्हवतं. नवी नवरी तेवढी सैपाकघराच्या दाराआड उभी. सकाळपास्नं पोटात काय न्हवतं तिच्या, तोंडावर दिसत व्हतं.

भाताचं पातेलं माझ्या हातात व्हतं. मी सोप्याच्या मधी उभी ऱ्हायले.

"हिचं ताट कुठाय?"

"ती मागनं बसंल," दीर म्हणला.

"मागनं म्हंजे कवा?"

"वैनी, आज नको. मंगल दिस हाय."

"म्हणूनच आज."

एक पाव्हणा म्हणला, "वाढा हो बाई, भात निवतोय."

मी नवरीकडं वळले. "ये गं. बस हितं."

ती आणखी आत सरकली. मान हलवली. आणि एवढ्या बारीक आवाजात म्हणली की माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नसंल, "मला भूक न्हाय, आक्का."

भूक न्हाय.

कोण शिकवतं हे वाक्य? आईच्या दुधासंगंच पाजत्यात जणू. मीबी म्हणलेलं. आत्तीबी म्हणलेली. पोटात पीळ पडताना, डोळ्यापुढं अंधारी येताना, तोंडानं भूक न्हाय. माझी पोरगी तवा भुईवर रांगत व्हती. आणखी थोड्या वर्सांनी तिच्याबी तोंडात हेच घालणार ही माणसं. शानी म्हणून पाठीवर हात फिरवणार.

नवरीला वढून बसवावं असं वाटलं. वढलं न्हाय. वढून बसवलेली बाई दुसऱ्यानं डोळं वटारलं की उठती. मी पातेलं खाली ठिवलं आणि उंबऱ्यात तिच्या पायापाशी बसले. सोप्याकडं तोंड करून.

"हे काय चालवलंय?" दीर उठला. "पाव्हण्यांपुढं इज्जत घालीवता?"

नवरा मान खाली घालून बसला व्हता. बसू दे.

"भात हितं हाय," मी म्हणले. "आज हिची हिंमत न्हाय झाली तर उद्या बसंन मी हितं. परवाबी बसंन. आजपास्नं ह्या घरात बाईला सोडून बाप्या जेवणार न्हाय. संगं बसायचं, न्हायतर पाटावरनं उपाशी उठायचं."

वकील हात धुवाय पाण्याचा तांब्या शोधाय लागला. कुणीतरी उठायसाठी पाट सरकवला. मी उंबऱ्यातनं हलले न्हाय.