एक बाही सैल

आमची ताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, पण अंगठ्याला पट्टी बांधणारी नव्हे. तिचे पेशंट डोक्याचे. गावोगाव स्कूटरवर जायची, कुणाला इंजेक्शन, कुणाला महिन्याच्या गोळ्या. लोक म्हणायचे, आली बघा वेड्यांची ताई. ती म्हणायची, "हो, आणि तुमचं नाव यादीत घालायला मला किती वेळ लागतोय!"

तिचा लाडका पेशंट एक शिंपी होता. त्याला आवाज ऐकू यायचे. गोळ्या सुरू झाल्यावर शांत झाला, मशीनवर बसायला लागला. ताईची काम करायची एक रीत होती. मागच्या महिन्याच्या रिकाम्या स्ट्रिपा मागायची, मोजायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. शिंपी स्ट्रिपा रबर लावून तयारच ठेवायचा. एकदा तिनं त्याच्याकडे ब्लाऊज टाकला, तर म्हणाला, "ताई, तुमच्या बाह्या आणि माझं डोकं, दोन्ही सैल. बाह्या मी बघतो, डोकं तुम्ही बघा." पोट धरून हसली होती.

त्याच दिवशी, बायको पाण्याला गेलेली असताना, त्यानं हात पुढे केले. "ताई, हे बघा कसे थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून द्या ना."

ताई म्हणाली, "होईल सवय." त्या दिवशी अजून सहा घरं राहिली होती. डॉक्टरांना सांगायचं ती विसरली. पुढच्या महिन्यात त्यानं विचारलं नाही, हातही थरथरत नव्हते. ताईला वाटलं, झाली सवय.

दोन महिन्यांनी तो नदीत सापडला.

नंतर बायकोनं घरातले पडदे धुवायला काढले तर ते खाली जड लागले. दुमड उसवली. आत गोळ्या. एकेक गोळी बारीक टाक्यानं शिवून बसवलेली. सगळ्या पडद्यांना. गावानं काय करावं? बायकोलाच धरलं. "एका घरात राहून तुला कळलं नाही?" सासूनं तर बोलणंच टाकलं. ताई भेटायला जायची, तिच्या हातचा चहा प्यायची, पण शिंप्याच्या थरथरत्या हातांचं काही बोलली नाही. सात वर्षं.

मग रिटायर व्हायच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. नव्या नर्सचं ट्रेनिंग होतं. "ताई, तुमचे अनुभव सांगा. चांगले चांगले सांगा हं, पोरी घाबरायला नकोत."

ताई जाताना शिंप्याच्या बायकोकडे थांबली. "चल माझ्याबरोबर. एक गोष्ट ऐकायची आहे तुला." ती बिचारी आली, मागच्या खुर्चीवर बसली.

ताईनं माइक धरला आणि शिंप्याचंच सांगितलं. स्ट्रिपा, दोरा, सवय, सगळं. म्हणाली, "मी रिकामी स्ट्रिप बघितली, माणूस नाही बघितला. चूक माझी. त्याच्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं." डॉक्टर घड्याळ बघायला लागले.

बाहेर स्टॉपवर बायको एवढंच म्हणाली, "सात वर्षं लोक मला खात होते ताई. आणि तुम्ही माझ्याकडे चहा पीत होतात." बस आली. ती चढली, ताई चढली नाही.

ताई स्वतः तिच्या सासूकडे जाऊन बोलून आली. गावात चार जणांना सांगितलं. पण बायकोनं तिला दार उघडलं नाही. पुढं ताईचं दुखणं निघालं, अंथरूण धरलं. दाराची कडी वाजली की विचारायची, "ती आली का?" दूधवाला असायचा नाहीतर शेजारीण. शेवटी शेवटी तर नुसती दाराकडे बघायची.

ताईला नेऊन चार दिवस झाले आणि कडी वाजली. धाकट्या बहिणीनं दार उघडलं, म्हणजे मीच. शिंप्याची बायको उभी होती. तिला कुणी कळवलंच नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत ताईचा तो शिंप्याकडेच राहून गेलेला ब्लाऊज. एक बाही शिंप्यानं घट्ट केलेली, दुसरी तशीच राहिलेली.

"दुसरीला मी टीप घातली," ती म्हणाली. "मला नीट येत नाही, वाकडी गेली. ताईंना म्हणावं, घालून बघा."

मी बाजूला सरकले. आत भिंतीला टेकवलेला फोटो तिला दिसला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली, आणि ब्लाऊजची ती वाकडी टीप नखानं उसवायला लागली.