ह्यांच्या मुलाखतीत माझा आवाज

ह्यांची मुलाखत पेनड्राइव्हवर आहे, दोन तासांची. टीव्हीला कशी लावायची ते मुलानं मला शिकवून ठेवलंय. पण खरं सांगू का, त्या दोन तासांत हे कमी आणि मीच जास्त बोलते. कसं झालं ते सांगते.

आमचे हे अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं होते. तेव्हा आम्ही मोरिवलीत राहायचो, कंपनीच्या भिंतीमागे, एका खोलीत. दोरीवर वाळत घातलेला पांढरा लेंगा कधी हिरवट निघायचा तर कधी गुलाबी. कात्रपचा हा फ्लॅट खूप नंतरचा. ह्यांना कागद जपायची भारी हौस. पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, बोनसची नोटीस, सगळं एका सुटकेसमध्ये. मी म्हणायची, “म्युझियम उघडायचंय का?” तर म्हणायचे, “असू दे गं. खायला थोडंच मागतायत.”

मग एका संस्थेतली एक मुलगी आली. ह्या भागातल्या कारखान्यांत राबलेल्या माणसांचे कागद आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करायचं तिचं काम. “साहेबांचं सगळं लिहिलेलं असतं आजी,” ती म्हणाली, “मशीनवर उभं राहिलेल्यांचं कोण ठेवतं?” ह्यांचा चेहरा असा फुलला! सुटकेस तिला देऊनच टाकली.

मुलाखतीच्या दिवशी तिनं पंखा बंद करायला लावला, कुकर उतरवायला लावला. आणि मला हात जोडून म्हणाली, “आजी, आधी आजोबांना बोलू द्या हं. तुमचं आपण वेगळं करू.” मी हो हो म्हटलं. पण ह्यांचं बोलणं कसं, तर आधी गुडघ्यावर हात फिरवायचा, मग घसा खाकरायचा, मग एक शब्द. ह्यांनी “मी” म्हणेपर्यंत माझी गोष्ट संपलेली असायची.

आता जे सांगायचं ते सांगते. मुलाच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. अडीच वर्षांची. ताप आला, दुसऱ्या दिवशी आकडी. मी शेजारणीला कंपनीच्या गेटवर निरोप घेऊन पिटाळलं. ती सांगून आली. हे काही आले नाहीत. दुपारी पोर माझ्या मांडीवर गेली. हे आले दिवेलागणीला. दारातच मी म्हटलं, “आता कशाला आलात?”

तेवढं एकदा म्हणून मी थांबले असते तरी चाललं असतं. नाही थांबले. चाळीस वर्षांहून जास्त तेच म्हणत राहिले, नाना तऱ्हांनी. मुलाच्या शाळेत ह्यांना पोचायला उशीर झाला की, “तुमची जुनीच सवय ती.” ह्यांची बहीण एकदा म्हणाली, “वहिनी, दादा असा नाही गं.” तर तिलाही गप्प केलं, “निरोप मी पाठवला होता वन्सं, तुम्ही नव्हे.” हे मात्र एकदाही उलटून बोलले नाहीत. मला वाटायचं, उत्तर असतं तर बोलले नसते का?

मुलाखतीनंतर वर्षभरात हे गेले.

तीनेक महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली. पेनड्राइव्ह घेऊन, आणि कागदांची यादी घेऊन. प्रत्येक कागद साफ करून वेगळ्या पाकिटात घातला होता म्हणे, नंबर देऊन. मी वालाच्या शेंगा सोलत होते आणि ती वाचत होती. “पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, गेटपास एक.”

“कसला गेटपास?”

“शिफ्ट मध्येच सोडून बाहेर जायचं तर फोरमनच्या सहीची चिठ्ठी लागायची ना आजी, ती.”

मला शिकवते! मी हसले. ती मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवायला लागली. तारीख दिसली. ती तारीख मी विसरेन का? कारणापुढे लिहिलेलं, मुलगी आजारी. बाहेर पडल्याची वेळ, बारा चाळीस.

गेटपासून भिंतीला वळसा घालून आमची खोली दहा मिनिटांवर. चप्पल तुटली तर पंधरा.

मी तिला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, “आजी, मुलाखत लिहून काढताना एका जागी मी अडकले होते. ऐकवू?” आणि तिनं लॅपटॉप उघडला.

त्यात ती विचारते, “आजोबा, कंपनीतला असा एखादा दिवस, जो अजून मनातून जात नाही?” मग खाकरणं. मग हे. “आहे एक. तेव्हा आमची मुलगी होती... मी गेटपास काढला. बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो आणि...”

आणि मी! स्वयंपाकघरातून! “अहो, ते काय सांगताय, गॅस सुटला होता तो दिवस सांगा ना! अगं, सगळी मोरिवली डोळे चोळत पळत होती...” आणि मग दहा मिनिटं माझा गॅस. वर हसतेही आहे.

मी का बोलले ते मला आठवतं. “आमची मुलगी” एवढंच कानावर आलं, आणि परक्या पोरीपुढे तो विषय नको म्हणून मी गॅसची गोष्ट मध्ये घातली. ह्यांनी गेटपास म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं. माझं संपल्यावर ती मुलगी विचारते, “आजोबा, तुम्ही काहीतरी सांगत होतात?” हे म्हणतात, “राहू दे. तिनं सांगितलं ना. चांगलं सांगते ती.”

मी चार वेळा लावायला सांगितलं. कोपऱ्यापर्यंत आलो आणि. आणि काय? कुणी वाटेत सांगितलं का? माझं रडणं तिथपर्यंत ऐकू गेलं का? पाय उचलेनात का? आणि दिवेलागणीपर्यंत कुठे बसलात? त्या मुलाखतीनंतर वर्षभर आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मी कोपऱ्याचं विचारलं नाही. मला कोपरा होता हेच माहीत नव्हतं.

ती संस्थेतली मुलगी म्हणाली, “तुम्हाला नको असेल तर एवढा भाग आम्ही बंद ठेवतो. कुणाला ऐकायला देत नाही.”

“नको,” मी म्हटलं. “आहे तसाच ठेव. माझा आवाजही ठेव.”

ती गेल्यावर शेंगा तशाच टाकल्या आणि ह्यांच्या बहिणीला फोन लावला. अंबरनाथ पूर्वेला असते. कानानं आता अगदी मंद झालीय.

“वन्सं, त्या दिवशी हे दुपारीच निघाले होते.”

“काय? कोण निघालंय?”

“तुमचे दादा! आमची पोर गेली त्या दिवशी! कंपनीतून निघाले होते, पास काढून, घरी यायला!”



“मग घरी का नाही गं पोचला?”

“ते सांगत होते,” मी म्हटलं. “मी सांगू दिलं नाही.”

“काय म्हणालीस?”

तेच मग मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.