विरजणाची हाक

प्रत्येक नाटक मंडळीत एक माणूस असा असतो, की ज्याला अख्खं नाटक तोंडपाठ असतं आणि ज्यानं जन्मात एकदाही दिव्यांच्या उजेडात पाऊल टाकलेलं नसतं. तो पडदा ओढतो, खुर्च्या मांडतो, नायकाच्या हातात ऐन वेळी तलवार देतो. टाळ्यांचा कडकडाट होतो तेव्हा हा विंगेत झाडू शोधत असतो. ब्राकेलीचा अस्लाक त्या जातीचा माणूस. त्याचं नाटक तेवढं बिअरचं होतं, आणि त्यातला नायक होता त्याचा थोरला भाऊ, टोर्लाइव.

ब्राकेली हे आमच्या खोऱ्यातलं अगदी वरचं, शेवटचं शेत. खाली नदी. नदीपलीकडे गुडवेगचं घर, आणि तिच्या शेजारी योस्टाइनचं. ब्राकेलीतले दोघे भाऊ बिनलग्नाचे, एका छपराखाली म्हातारे झालेले. टोर्लाइव बोलायचा, अस्लाक ऐकायचा. टोर्लाइव बिअर करायचा, अस्लाक पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, पिंपं घासायचा. अशी वाटणी कधी ठरली ते कुणालाच आठवत नव्हतं.

टोर्लाइव गेला तो बर्फ वितळायच्या दिवसांत. त्याला निरोप द्यायला सगळं खोरं लोटलं. लोक रडले. अस्लाक रडला नाही. तो मागच्या रांगेत उभा राहून, नंतर खुर्च्या कोण उचलणार, याचा विचार करत होता. त्या दिवसानंतर वरच्या वाटेला कुणी फिरकलं नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. लोक यायचे ते टोर्लाइवकडे. टोर्लाइव नाही, तर एवढी चढण कशाला चढायची? अस्लाकनं ही गोष्ट मनाशी मांडली आणि त्याला ती पटलीसुद्धा. पटली म्हणून दुखायची थांबली, असं मात्र झालं नाही.

उन्हाळाभर तो मेंढ्यांशी बोलला. पण मेंढ्यांना आवाज चढवून सांगावं लागत नाही. शरद येईतो त्याचा आवाज, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा, चौकटीत घट्ट बसला होता.

आणि नाताळ जवळ आला.

आमच्याकडे नाताळात ज्या घरात घरची बिअर नाही, त्या घरात माणूस राहत नाही असं धरतात. तसं कुणी बोलून दाखवत नाही. फक्त त्या घराच्या वाटेवरचं बर्फ कुणाच्या बुटांनी तुडवलं जात नाही. मग एक वर्ष जातं, दुसरं जातं, आणि लोक त्या शेताचं नाव घेताना 'होतं' म्हणू लागतात. अस्लाकला ब्राकेलीचं 'होतं' झालेलं नको होतं. एवढंच. निदान एकदा, टोर्लाइव नसताना, कुणीतरी ही चढण चढून यावं.

तो खाली दुकानात गेला आणि माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पोतं मागितलं. गुडवेग तिथंच कॉफीच्या पुड्या चाचपत उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पण जीभ अजून विशीतली.

"काय रे अस्लाक, मेंढ्यांना माल्ट चारायला लागलास की काय?"

"नाही," अस्लाक म्हणाला. "करून बघावी म्हणतो."

"काय करून बघावी?"

"बिअर."

दाराशी बुटांचं बर्फ झटकत असलेला योस्टाइन खो खो हसला. "तू? अरे, तू तर पिंपं घासणारा गडी!"

"घासलेल्या पिंपातच होते ती," अस्लाक म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"घे! वाचा फुटली," गुडवेग म्हणाली. "पण बाबा, हाकेचं काय? टोर्लाइवनं हाक मारली की माझ्या गोठ्यातली गाय दूध आखडायची. तू तर चर्चमध्ये गाण्याच्या वेळीसुद्धा नुसते ओठ हलवतोस. मी बघते ना शेजारून."

"मारीन की हाक."

"मार बरं. ऐकू आली तर येऊ. नाही आली, तर म्हणू मेंढ्यांनी पिऊन टाकली."

आता ही हाक म्हणजे काय ते सांगायला हवं. माल्टचा रस उकळून, निवून कोमट झाला की त्यात विरजण, म्हणजे बिअर फसफसवणारं यीस्ट, टाकायचं, आणि टाकताना पिंपाच्या तोंडाशी वाकून जिवाच्या आकांतानं ओरडायचं. शब्द नाहीत, नुसती हाक. हाक जेवढी जोरकस तेवढी बिअर जोरकस, असं जुनी माणसं म्हणायची. बिअर शिजते त्या अंगणापलीकडच्या भट्टीघराचं दार तेव्हा सताड उघडं ठेवतात. नदीपल्याड ऐकू जातं, आणि ऐकणारे मनाशी म्हणतात, चला, परवा संध्याकाळी ब्राकेलीत चाखणी. चाखणीचं बोलावणं करायचं नसतं. तसं करणं म्हणजे कौतुकाची भीक मागणं. बोलावलेला पाहुणा गोड बोलतो, आपण होऊन आलेला खरं सांगतो.

भट्टीच्या दिवशी अस्लाक अंधारातच उठला. तांब्याच्या मोठ्या कढईत पाणी, पाण्यात जुनिपरच्या डहाळ्या, खाली बर्चची लाकडं. भट्टीघरभर तो हिरवा, कडवट वास सुटला आणि क्षणभर सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं. त्याला प्रत्येक पायरी पाठ होती. पण ती पाठ होती टोर्लाइवच्या पाठमोऱ्या अंगावरून. डावा खांदा वर गेला की गरम पाणी भरडलेल्या माल्टवर पडायचं. मान उजवीकडे कलली की चव घेतली जायची. कढईच्या आत त्या वेळी काय दिसतं, हे अस्लाकनं कधी पाहिलंच नव्हतं. त्याची जागा मागे, लाकडांच्या ढिगापाशी. आता तो पहिल्यांदाच समोर उभा होता, आणि त्या गोड, तपकिरी रसात त्याला स्वतःचाच चेहरा हलताना दिसत होता.

माल्ट भिजलं, मुरलं. तळाशी अंथरलेल्या डहाळ्यांतून गाळलेला रस पुन्हा कढईत चढला. आता तासन्‌तास उकळायचं, रंग गडद होईपर्यंत. अस्लाक ढवळत राहिला. ढवळता ढवळता त्याच्या लक्षात आलं की उकळी मंदावली आहे. जाळ पार बसला होता. लाकडं दोन पावलांवर होती, पण ती घालायचं त्याला सुचलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं त्यानं लाकूड घातलं होतं ते पुढून, कढईपासून आवाज आल्यावर: "अस्लाक, लाकूड!" आज तो आवाज आला नव्हता आणि त्याचे हात त्या आवाजाची वाट बघत पळीवर थांबले होते.

त्यानं पळी कढईच्या काठावर ठेवली. मग अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये तसा म्हणाला, "अस्लाक, लाकूड." आणि जाऊन लाकूड घातलं.

दुपार कलली, दिवे लावावे लागले, तेव्हा निवलेला रस पिंपात उतरला. अस्लाकनं बाही सारून कोपर बुडवलं. नुकत्याच काढलेल्या दुधासारखं कोमट. बरोबर. त्यानं खुंटीवरून विरजणाची माळ काढली. कोरीव लाकडी तुकड्यांची ती माळ त्यांच्या आजोबांनी केलेली. तिच्या खाचाखाचांत गेल्या खेपेचा फेस वाळून कवच झाला होता, तेच विरजण. तो टोर्लाइवच्या शेवटच्या बिअरचा फेस. ही माळ आता रसात उतरवायची, आणि ओरडायचं.

त्यानं दार सताड उघडलं. थंडी आत शिरली. तो पिंपावर वाकला. छाती भरून घेतली.

आणि छातीच्या तळातून काय वर येतंय ते त्याला कळलं. ती बिअरची हाक नव्हती. दफनाच्या दिवशी मागच्या रांगेत जे बाहेर पडलं नव्हतं, ते येत होतं. रिकाम्या शेतावर, उघड्या दाराशी एक म्हातारा गळा काढतोय आणि नदीपलीकडचे लोक हातातला चमचा थांबवून ऐकताहेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यानं तोंड मिटलं. माळ अलगद सोडून दिली. ती आवाज न करता बुडाली. त्यानं दार लावून घेतलं, पिंपाभोवती टोर्लाइवचा जुना लोकरी कोट गुंडाळला, आणि स्वतःला सांगितलं, धूर तर दिवसभर निघत होता. धूर दिसला असेलच की.

सकाळी पिंप बोलत होतं. झाकणाखाली फसफस, खळखळ, मध्येच एक उसासा. विरजण जिवंत होतं. हाक मारली नाही म्हणून ते रुसलं नव्हतं. अस्लाक स्टूल घेऊन शेजारी बसला आणि ऐकत राहिला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच ब्राकेलीत दुसरं कुणी काही बोलत होतं.

चाखणीच्या संध्याकाळी त्यानं लाकडी, रंगीत वाडगे काढून पुसले. सुकवलेल्या मटणाची तंगडी टांगणीवरून उतरवली, पातळ भाकरी कापडात गुंडाळून ठेवली. बाकावर चौघा-पाचांना पुरेल एवढी जागा केली. बिअर गाळून भांड्यात घेतली. रंग जुन्या खोगिरासारखा, वर पांढरी साय. त्यानं स्वच्छ सदरा घातला. आणि बसला.

चूल कडकडत होती. खिडकीतून पलीकडचे दोन दिवे दिसत होते, गुडवेगचा आणि योस्टाइनचा. खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला. अस्लाक उठून उभा राहिला. ट्रॅक्टर वळला आणि योस्टाइनच्या अंगणात जाऊन थांबला. अस्लाक पुन्हा बसला. मग त्यानं भाकरीचं कापड सोडून परत नीट बांधलं. मटण थोडं कापलं, म्हणजे आल्यावर धावपळ नको. नंतर वाडगे दुसऱ्या रांगेत मांडून पाहिले.

धूर! धुरानं काय कळतं? धूर मटणाचाही असतो, कपडे उकळण्याचाही असतो. हे त्याला परवाच ठाऊक होतं. पडदाच उघडला नाही, तर प्रेक्षकांनी यायचं तरी कशाला?

भिंतीवर टेलिफोन होता. त्यानं तो उचलला. आतला एकसुरी आवाज थोडा वेळ ऐकला. काय म्हणणार? मी ओरडलो नाही, पण या? त्यानं टेलिफोन जागेवर ठेवला, अंगावर काही न घेता बाहेर गेला आणि बर्फातून चालत भट्टीघराच्या दाराशी उभा राहिला.

बिअर तयार झाल्यावर हाक मारणं म्हणजे भरतवाक्य म्हणून झाल्यावर नांदी लावणं. असं कुणी कधी केलं नव्हतं. पण दुसरा मार्गच नव्हता.

पहिला आवाज निघाला तो गंजलेल्या बिजागरीचा. अस्लाकला त्याची एवढी लाज वाटली की त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मागं कुणीच नव्हतं, हेच तर होतं. आणि मग दुसरा आवाज आला. तो कुठून आला ते त्याला कळलं नाही. सुरुवातीला ते रडणंच होतं, ते त्यानं अडवलं नाही. मग ते वाढलं, सरळ झालं, रुंद झालं, आणि रडण्याच्या पलीकडे जाऊन हाक झालं. गोठ्यातल्या मेंढ्या धडपडून उभ्या राहिल्या. हाक बर्फावरून घसरत नदीकडे गेली, पल्याडच्या उतारावर आदळली आणि परत आली. अस्लाक गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला.

पलीकडे एक दार उघडलं. अंधारात पिवळा चौकोन, आणि चौकोनात गुडवेग.

"ऐकलं रे, ऐकलं!" तिचा आवाज पाण्यावरून आला. "आमची गाय उठून बसली की! आत्ता टाकलंस होय विरजण? मग परवा येतो!"

डावीकडचंही दार उघडलं. "मटण जाड काप रे!" योस्टाइन ओरडला. "टोर्लाइव कागदासारखं कापायचा!"

अस्लाकनं तोंड उघडलं. तयार आहे, आजच या, मांडून ठेवलंय सगळं. एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्या मोठ्यानं बोलायचे शब्द त्याच्याजवळ अजून नव्हते. होती तेवढी हाकच होती आणि ती मारून झाली होती. त्यानं हात वर केला. अंधारात तो कुणाला दिसणं शक्य नव्हतं. पलीकडची दारं एकामागून एक मिटली.

तो आत आला. कापलेलं मटण पुन्हा कापडात बांधलं. भांड्यातली बिअर नेऊन भट्टीघरातल्या पिंपात ओतली, झाकण घट्ट बसवलं. परवापर्यंत तिचा पहिला तोरा उतरेल, फेस बसेल. गुडवेग घोट घेईल, भुवई उचलेल आणि म्हणेल, "विरजण टाकून दोनच दिवस झाले म्हणतोस?" ती खरं सांगणारी बाई. तिला काय उत्तर द्यायचं, हे त्याला सुचेना. पण कुणीतरी काहीतरी विचारणार आहे आणि आपल्याला उत्तर द्यायचं आहे, ही अडचण त्याला इतकी नवी होती की तो ती मनात घोळवत बसला.

सगळे वाडगे त्यानं फडताळात ठेवले, एक सोडून. भांड्याच्या तळाशी राहिलेली थोडी बिअर त्यात घेतली. टोर्लाइवसारखी नव्हती. जरा धुरकट, जाळ बसला होता त्याची खूण असावी. पण चांगली होती. चांगली आहे, असं सांगायला त्यानं मान वळवली आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत तो घोट गिळला.

घसा दुखत होता, पहिल्या प्रयोगानंतर नव्या नटाचा दुखतो तसा. खोलीत गारवा आला होता. चुलीतला जाळ खाली बसला होता.

"अस्लाक, लाकूड!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि उठला.