भाच्याला न विचारलेलं गणित

साहेबानं काटकी उचलली आणि मुळशी धरणाच्या काठी, चिखलात, इंटिग्रेशनचं एक उदाहरण लिहिलं. "हे सोडव. मग सही करतो."

ऑफिसात मला 'तुम्ही' म्हणणारा साहेब. आमच्या वाडीतलं आईचं खोपट बघितलं आणि 'तू'वर आला.

पुण्याच्या आमच्या कारखान्यात तेव्हा नवलाईचं गणकयंत्र आलं होतं. मी कार्डांना भोकं पाडणारा. प्रोग्रॅमरच्या परीक्षेला बसायचं तर अर्जावर साहेबाची सही लागे. ऑफिसची सहल माझ्याच गावाकडं निघाली, म्हणून अर्ज खिशात घालून आणला होता. आई सगळ्यांसाठी पाण्याची घागर घेऊन आली. साहेबानं आपला थर्मास काढला.

"प्रोग्रॅमरला गणित लागतं, बरं का. तुमच्या लोकांचं काम नाही ते."

सगळे फिदीफिदी हसले.

काय लागतं? यांचे प्रोग्रॅम मीच तर कार्डांवर उतरवत होतो. बेरीज, वजाबाकी, आणि अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते. इंटिग्रेशन औषधालाही नाही. म्हणे गणित! दारात बांधलेलं कुत्रं ते, माणूस बघून भुंकणारं.

साहेबाचा भाचा शेजारीच सिगारेट ओढत होता. संस्कृत घेऊन बी.ए. झालेला. त्याच्या अर्जावर सकाळीच, जीपच्या बॉनेटवर ठेवून, सही झाली होती. त्याला कुणी बे एके बेसुद्धा विचारलं नाही.

आणि मला ते उदाहरण येत होतं. नोकरी सांभाळून सकाळच्या कॉलेजात मी हेच शिकत होतो. हात शिवशिवले. पण हे सोडवलं असतं तर त्यानं दुसरं घातलं असतं, मग तिसरं. मी खेळातल्या माकडासारखा उड्या मारत राहिलो असतो.

"आधी भाच्याला घाला हे, साहेब."

हसणं थांबलं. "माज आलाय," साहेब म्हणाला, आणि माझा अर्ज चुरगळून चिखलात टाकला.

जीप गेल्यावर आईनं विचारलं, "येत न्हाई व्हय रं तुला?"

"येतंय."

"मंग?"

"त्यानं असं पुसल्यावर न्हाई करायचं, आये."

तिनं घागर उचलली. मला रडू आलं नाही. किळस आली, त्या हसण्याची.

सोमवारी नवा अर्ज लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवला. त्यानं फाडला. मंगळवारी दुसरा ठेवला. मला त्यानं जातीवरून अडवलंय. हे त्याच्याच तोंडून, सगळ्या ऑफिससमोर वदवून घेईन. तोवर रोज एक अर्ज.