आखाजीची घागर

आमच्या शेजारी कूलर दुरुस्त करणारे एक भाऊ राहतात. ते वाद घालत नाहीत. एक वाक्य बोलून थांबतात आणि समोरच्याचं मत बदलायची वाट बघतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथे धुळ्यात घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. भाऊ ती कब्रस्तानात नेतात, आजा-आजीच्या क्रुसांपाशी. आजा वसईचा ख्रिस्ती, रेल्वेच्या नोकरीत दोंडाईच्याला आलेला. आजी तिथलीच. लग्नानंतर ती चर्चला जायला लागली, पण आखाजी तिनं सोडली नाही. आता नातवंडं पार कॅनडापर्यंत पांगलीत, घागर भरायला राहिले एकटे भाऊ.

यंदा मी सोबत गेलो. कॅनडाहून आलेली त्यांची चुलतबहीणही होती. ती म्हणाली, "दादा, आपल्यात हे करत नाहीत. फादर काय म्हणतील?"

"आजी खान्देशनी शे. आखाजीले ती वाट देखस," भाऊ म्हणाले आणि नेहमीसारखे थांबले. मग त्यांनी घागर तिच्या हातात दिली.

ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं घागर दोन-तीनदा या हातातून त्या हातात घेतली. शेवटी तिनं आजीच्या कबरीवर पाणी ओतलं आणि घागर सरळ करत विचारलं, "थोडं उरलंय. आजोबांना चालेल?"