बटणकाकांचे सात सेकंद

रेडिओ केंद्राच्या काचेच्या खोलीत एक टेबल, एक हेडफोन आणि टेबलातच बसवलेलं एक लाल बटण होतं. समोरच्या खुर्चीवर गेली एकोणीस वर्षं एकच गृहस्थ बसत. त्यांना सगळे बटणकाका म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

नियम असा, की श्रोत्याचा फोन जसाच्या तसा हवेत सोडायचा नाही. स्टुडिओत बोललेलं बाहेर सात सेकंदांनी ऐकू जातं. तेवढ्यात कुणी शिवी हासडली, किंवा पुराव्याविना कुणाचं नाव घेऊन आरोप केला, की काकांनी बटण दाबायचं. ते बोलणं गडप होतं आणि त्या जागी बासरी वाजते. मग वहीत नोंद: वेळ, कलम, सही.

वही कोरीच राही. सकाळी अकराला ‘तुमची तक्रार’ लागे. फोन करणारी मंडळी बहुतेक वयस्क, शिवी द्यायचा दम संपलेली. त्यातून कुणी तापलंच, तर काका काचेतून निवेदिकेकडे बघून भुवई उडवत आणि ती लगेच विचारी, “तब्येत कशी आहे तुमची?” मग माणूस गुडघ्यांवर घसरे. चौदा महिन्यांत बटणाला बोट लागलं नव्हतं. काकांना त्याचा अभिमान होता, आणि तोच मुळावर आला.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी नियामक मंडळाच्या निरीक्षकबाई आल्या. त्यांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

“चौदा महिने काहीच नाही? मग हे पद कशासाठी?”

काका थांबले. कुठल्याही प्रश्नाला जरा उशिरानेच उत्तर द्यायची खोड त्यांना नोकरीने लावली होती.

“काही होऊ नये म्हणून.”

“ते तर होतच नाहीये,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी मी इथे बसते. तेव्हाही हेच दिसलं, तर पद रद्द करा असं लिहावं लागेल.”

काकांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. या वयात दुसरीकडे कोण विचारणार? बटण दाबता येतं, यापलीकडे सांगण्यासारखं हातात काही नव्हतं.

घरी बायको म्हणाली, “अहो, मग दाबा की एकदा! त्यात काय एवढं?”

“कुणावर? काल एका आजोबांनी कबुतरांची तक्रार केली. कबुतरांची बदनामी होत नाही. कलम काढून बघितलं मी.”

“मग होते कशाने?”

काकांची कळी खुलली. त्यांनी अर्धा तास कलम समजावलं. तिने मधे एक शब्द न काढता ऐकलं. संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, पण काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी निरीक्षकबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. पहिला फोन रस्त्यावरच्या दिव्याचा, दुसरा गटाराचा. तिसरा लागला आणि काकांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. आवाज घरचा होता.

“पाणीखात्याचा तो साहेब,” असं म्हणून तिने त्याचं नाव घेतलं, आडनावासकट. “सासऱ्याच्या गल्लीला तीन तास पाणी सोडतो आणि आम्हाला अर्धा तास. चोर आहे मेला! पुरावा नाही माझ्याकडे, आधीच सांगते.”

इतकं शुद्ध उल्लंघन पुस्तकातही सापडलं नसतं. निवेदिकेने आशेने काचेकडे पाहिलं. काकांचं बोट बटणावर होतं. बायको बोलत होती. बोट तिथेच राहिलं. सात सेकंद झाले आणि चोर गावभर गेला.

निरीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं आणि लिहायला घेतलं. अहवाल आठवड्याने आला: केंद्रावर गंभीर उल्लंघने घडू शकतात हे प्रत्यक्ष दिसून आले, सबब हे पद अत्यावश्यक असून जोडीला आणखी एक पद निर्माण करावे. काकांना मेमो, सेवेतला पहिला. केंद्राने दिवसातून तीनदा माफी प्रसारित केली, त्यामुळे ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही साहेबांची सासुरवाडी कुठे आहे ते कळलं.

मेमो बघून बायको उखडली. “ताटात वाढून दिलं होतं तुम्हाला! नाव घेतलं, चोर म्हटलं, पुरावा नाही तेही सांगितलं. बोटाला काय लकवा झाला होता?”

“तू बोलत होतीस.”

“मग?”

काका नेहमीसारखे थांबले.

“मधे तोडायची सवय नाही.”

मेमोचा खुलासा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बटण न दाबण्याच्या कारणासमोर काकांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: तांत्रिक.